सपरवाना भांग

आमच्या डोबाखेत गावात भांग दोन प्रकारची असते: विनापरवाना आणि सपरवाना. विनापरवाना भांग उगवते. सपरवाना भांग लावावी लागते, आणि ती लावण्यासाठी अकरा कागद, दोन जामीनदार आणि जिल्ह्याच्या साहेबांची सही लागते. कुमाऊंच्या डोंगरात विनापरवाना भांग कुठे नाही ते विचारा. रस्त्याच्या कडेला आहे, शाळेच्या मुतारीमागे आहे, आणि जिथे परवाने मिळतात त्या कचेरीच्या पत्र्यावरही आहे. तिच्या बियांची चटणी आम्ही खातो, तिच्या सालीचे दोर वळतो, आणि तिच्याबद्दल कधी कुणाला काही विचारलेलं नाही.

मी जमनसिंह डसीला, औद्योगिक भांग प्रोत्साहन कक्षाचा डोबाखेतचा अधिकृत पीक-मित्र. पद मानद आहे, म्हणजे मान त्यांचा आणि पायपीट माझी. मला एक ओळखपत्र दिलं आणि आजारी पानांच्या रंगीत चित्रांचं एक पुस्तक दिलं. नियम हा नियम, असं मानणारा मी माणूस. गावात असं मानणारा दुसरा कुणी नाही, म्हणूनच माझी निवड झाली असावी.

परवाना मिळालेली गावातली पहिली आणि शेवटची शेतकरी म्हणजे हरुली काकी. दोन नाली, म्हणजे जेमतेम चार गुंठ्यांचं एक शेत, एक म्हैस, आणि दिल्लीकडे एका टोलेजंग सोसायटीच्या फाटकावर पहारा करणारा मुलगा दिवान. अर्जात तोही सहअर्जदार होता. फोनवर तो म्हणाला होता, "ईजा, एक पीक सरकारात पास होऊ दे. मग ही वर्दी उतरवतो आणि घरी येतो." आमच्याकडे आईला ईजा म्हणतात. काकीने त्याच दिवशी माडीवरची खोली लिंपून घेतली. गावात चौतीस घरं. त्यातली सव्वीस कुलपात. सत्ताविसावं आपलं होऊ नये, एवढीच बाईची इच्छा. तिला भांगेशी फारसं देणंघेणं नव्हतं, तिला पोरगा हवा होता.

बी सरकारी आलं, सातासमुद्रापलीकडचं, नशा जवळजवळ नसलेलं. शेकडा शून्य पूर्णांक तीनच्या वर नशा निघाली तर पीक गुन्हेगार आणि खाली राहिली तर उद्योग, अशी रेघ वरून आखून आली होती. रोपं हातभर झाली आणि आषाढाच्या पावसात खालची पानं पिवळी पडू लागली.

"मुळाशी पाणी तुंबलंय," काकी पाहताक्षणी म्हणाली. "बांधाकडून एक चर मारते. दोन दिवसांत झाडं मान वर काढतील."

"थांब काकी! अट चौदा. पूर्वपरवानगीशिवाय शेताच्या रचनेत बदल करता येत नाही. चर म्हणजे बदल."

"अरे जमनिया, झाडं बुडतायत."

"बुडू देत. परवानगी येईपर्यंत नियमाने बुडतील."

मी मदतवाहिनी लावली. एक गोड आवाज म्हणाला, पान लिंबासारखं पिवळं असल्यास एक दाबा, हळदीसारखं पिवळं असल्यास दोन दाबा. काकीने शेतात जाऊन निरखून पाहिलं. काही पानं लिंबासारखी होती, काही हळदीसारखी. तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि आधी एक दाबलं, मग दोन. बारा नंबर म्हणजे कुक्कुटपालन निघालं. तिथल्या बाईंनी आपुलकीने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, आजारी असतील त्यांना वेगळं ठेवा आणि कोमट पाणी पाजा. काकीने विचारलं, "पोरी, तू जेवलीस का गं?" आणि फोन ठेवला. मी सल्ला नोंदवहीत उतरवून घेतला, कारण तो शासकीय होता. चर मारण्याची परवानगी एकोणिसाव्या दिवशी आली. तोवर अर्ध्या झाडांची मुळं काळी पडली होती.

उरलेल्यांवर मावा आला. पानांच्या खाली बारीक हिरवे किडे, वर चिकट तेलकटपणा. काकी चुलीतली राख घेऊन निघाली, तेव्हा मी आडवा उभा राहिलो. मान्य औषधांच्या यादीत राख नव्हती. यादीतलं औषध खाली तराईतल्या एका मान्य दुकानात मिळत होतं आणि त्या दुकानदाराची मान्यता मार्चमध्ये संपली होती. मागोमाग भुरी आली, पानांवर पीठ सांडावं तशी. मी अर्ज केला, तीन प्रतींत, चित्रासह.

आणि एक दिवस शेतावर जाऊन पाहतो तर झाडं टवटवीत! मावा गळालेला, भुरी उतरलेली. मी पानाचा वास घेतला. आंबट ताक.

"काकी, हे तू काय केलंस?"

"मी? मी कुठे काय केलं? पहाटे ताक सांडलं असेल. म्हातारी झाले रे, हात थरथरतात."

"दीडशे झाडांवर सांडलं?"

"लई थरथरतात बाबा."

काय करणार! मी प्रामाणिक माणूस. अहवालात लिहिलं: "पीक अनधिकृतरीत्या सुधारत आहे." आठवड्यात नोटीस आली. पीक कोणाच्या आदेशाने सुधारले याचा खुलासा करावा, आणि खुलासा मान्य होईपर्यंत पुढील सुधारणा थांबवावी. काकीने ताक थांबवलं. भुरी परत आली.

मग कक्षाचे भटनागर साहेब स्वतः पाहणीला आले. बरेलीकडचे, सभ्य गृहस्थ, चढण चढून घामाघूम झालेले. काकीने त्यांना मडुव्याची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि भांगेच्या बियांची चटणी वाढली. साहेबांनी बोट चाटलं आणि घाबरून विचारलं, "चढणार तर नाही ना?"

"बियांत काय चढायचंय साहेब? चढणारं सगळं तुमच्या फायलीत गेलं," काकी म्हणाली.

साहेबांनी चार भाकऱ्या खाल्ल्या. मग शेत पाहिलं. आमची सपरवाना झाडं गुडघ्याएवढी, वाकलेली, पांढरट. मधे दगडी बांध, आणि बांधापलीकडे विनापरवाना भांग दोन पुरुष उंच, गर्द हिरवी. एका पानाला डाग असेल तर शपथ.

"ही कोणाची?" साहेब थबकले.

"कोणाचीच नाही साहेब," मी म्हणालो.

"खत कोण घालतं?"

"कोणी नाही."

"फवारणी?"

"आमची म्हैस तिथे अंग घासते, तेवढंच," काकी म्हणाली.

साहेबांनी टिपून घेतलं: म्हैस. मग त्यांनी पेन गालाला लावलं. "म्हणजे आपण काहीच केलं नाही, तर भांग उत्तम येते?"

"होय साहेब."

"हे अहवालात लिहिता येणार नाही," साहेब हळू आवाजात म्हणाले.

अहवालात त्यांनी लिहिलं की जनजागृती कमी पडते. जनजागृतीसाठी महिनाभरात रंगारी आला. तोही साहेबांसारखा खालच्या सपाटीवरचा. गावात शिरताच समोर दिसणारी भिंत काकीचीच, म्हणून त्याने तिच्यावर हातभर उंच हिरव्या अक्षरांत घोषवाक्य रंगवलं: "घरोघरी उगवो भांग!" खाली कक्षाचं नाव, आणि मदतवाहिनीचा नंबर.

आता आमच्याकडे दोन बायकांचं भांडण अगदी जन्माचं तुटेपर्यंत आलं, की जी शेवटची शिवी निघते ती हीच: तुझ्या घरात भांग उगवो. माणसं निघून गेली, चूल विझली, उंबऱ्यावर कुणी पाय ठेवीनासं झालं, की अंगणात भांग माजते. सव्वीस घरांत माजलीच होती. या शिवीवर माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या घरचं पाणी पीत नाहीत. इथे ती सरकारने दिली होती, तीही शिक्क्यानिशी.

काकी गवताचा भारा घेऊन आली. तिला वाचता येत नव्हतं, तिने मला वाचायला लावलं. मी वाचलं. भारा तिच्या डोक्यावरून घसरला आणि ती उंबऱ्यावर मटकन बसली.

"माझा पोरगा ज्या वाटेने यायचा, त्या वाटेवर शिवी लिहिलीस रे मेल्या!"

"काकी, ती शिवी नाही. ती मोहीम आहे."

"सरकारने दिली म्हणून शिवीची मोहीम होते होय रे?"

मी पुस्तक चाळलं. पुस्तकात फक्त पानांचे आजार होते. काकीने पदर खोचला, पाटीभर शेण आणलं आणि सगळी भिंत सारवून काढली. मोहिमेच्या मजकुराचं विद्रूपीकरण केल्याची नोटीस चार दिवसांत आली. हे एकच पत्र वेळेत आलेलं मला आठवतं. पाठोपाठ साहेब आले.

"माताजी, ही तर शुभेच्छा होती," साहेब समजुतीने म्हणाले. "भांग उगवावी म्हणूनच तुम्ही परवाना घेतलात ना?"

"शेतात, साहेब! भांग शेतात उगवू दे. घरात मला माणूस पाहिजे."

"योजनेत शेत आणि घर एकाच शीर्षाखाली येतं," साहेब म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं, कारण या वेळी त्यांनी चटणी मागितली नाही.

भादव्यात नशेची तपासणी करायला नमुना नेणारा माणूस आला. दहा झाडांचे वीतभर शेंडे हवे होते. आमच्या शेतात जिवंत झाडं सातच उरली होती, आणि त्यांना वीतभर शेंडा म्हणजे सगळं झाडच. पिशवी तर भरायला हवी! कमी वजनाचा नमुना नेला तर त्याची हजेरी कापली जात असे. त्याने इकडेतिकडे पाहिलं, बांधावरून हात लांब केला आणि पिशवी भरली. मी म्हणालो, "अहो, ती विनापरवाना आहे." तो म्हणाला, "पानावर कुठे लिहिलंय?" खरोखरच लिहिलेलं नव्हतं.

नशा मर्यादेच्या आठपट निघाली. आदेश आला: परवानाधारकाचे उभे पीक उपटून नष्ट करावे व नष्ट करतानाचे छायाचित्र जोडावे. तोवर वादळ होऊन आमची सातही झाडं भुईसपाट झाली होती. मी कळवलं की पीक आधीच नष्ट आहे. उत्तर आलं की आडवे पीक नष्ट करण्याची तरतूद नाही. आधी ते उभे असल्याची खात्री करावी.

म्हणून मी बांधापलीकडची साठ झाडं मुळांसकट काढली आणि काकीच्या शेतात ओळीने लावली. काकी उंबऱ्यातून बघत होती.

"नीट लाव रे जमनिया. सरळ लाव. सरकारला वाकडं आवडत नाही."

आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. तरी मी ओळ सरळ ठेवली. मग फोटो काढला, मग साठही झाडं उपटली, मग पुन्हा फोटो काढला. हातांना दोन दिवस वास येत होता.

पीक नशेचं ठरलं म्हटल्यावर खटला आलाच, काकीवर आणि सहअर्जदार म्हणून दिवानवर. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी मार्ग काढला. परवानाधारकाने शेती कायमची सोडत असल्याचं लिहून द्यायचं, मुलाने त्यावर सही करायची, की फाईल बंद.

दिवान आला. तीन वर्षांनी आला, दोन दिवसांच्या रजेवर. सही केली. म्हैस शेजारच्या गावात देऊन आला. माडीवरच्या लिंपलेल्या खोलीत तो एकदा जाऊन उभा राहिला आणि खाली येऊन म्हणाला, "ईजा, चल. इथे एकटी काय करशील?" काकीने चुलीतली राख भरून बाहेर टाकली, कुलूप स्वतःच्या हाताने लावलं आणि किल्ली माझ्या हातात देताना माझ्याकडे पाहिलं नाही.

तेवढ्यात साहेब धापा टाकत वर पोचले. त्यांच्या हातात वेगळाच तक्ता होता: "गावी परतलेले स्थलांतरित तरुण." सगळ्या गावांसमोर शून्य होतं. साहेबांनी दिवानला पाहिलं आणि त्यांचा चेहराच उजळला.

"परतलात ना? आज तुम्ही गावात आहात ना?"

"आज आहे साहेब," दिवान म्हणाला.

डोबाखेत: एक. साहेबांनी फोटोसाठी दोघांना अंगणाच्या कडेला उभं केलं. काकीच्या डोक्यावर गाठोडं, दिवानच्या खांद्यावर वळकटी.

"सामान खाली ठेवू का?" दिवानने विचारलं.

"नको नको, असू द्या. आत्ताच घरी पोचल्यासारखं दिसतंय. माताजी, थोडं हसा."

काकी हसली नाही. ऊन समोरून होतं, तिने डोळे बारीक केले, आणि फोटोत ते हसण्यात जमा झालं.

तो फोटो तुम्ही पाहिलाय. पुण्याच्या त्या हिवाळी प्रदर्शनात भांगेच्या धाग्याची जी पिशवी तुम्ही उचललीत, तिला लावलेल्या चिठ्ठीवर तो होता. खाली छापलं होतं: "तुमच्या एका खरेदीने एक मुलगा आईकडे परतला." धागा कुठला होता ते मला माहीत नाही; आमच्याकडचा नव्हता. कक्षाने मला पीक-मित्र म्हणून त्या गाळ्यावर उभं केलं होतं, तुमच्यापासून दोन हातांवर. तुम्ही चिठ्ठी वाचलीत, बायकोला दाखवलीत, तुमचे डोळे थोडे ओलेही झाले. मी पाहिलं. मला वाटलं, हा माणूस आता विचारणार. बाईचं नाव काय, गाव कुठलं, मुलगा आता काय करतो. विचारलं असतंत तर मी सगळं सांगितलं असतं. नियमाबाहेर जाऊन सांगितलं असतं.

आणि तुम्ही माझ्याकडे वळून विचारलंतही.

"ही मशीनमध्ये धुतली तर चालते ना?"

चालते, मी म्हणालो.