चार मुठींचं वजन

आमच्या गल्लीत कुणाच्या दाराशी एखादा माणूस वजनकाटा बगलेत मारून उभा असला, तर तो भंगारवाला नसतो, दत्तूअण्णा असतात. "सुनंदा, तुझी वाटी आण की भाईर," म्हणतात. मग माझाच तांदूळ माझ्याच वाटीत भरायचा, काठावरनं बोट फिरवून सपाट करायचा आणि काट्यावर ओतायचा. "एकशे नव्वद! आणि तू परवा बायकांस्नी वाटीचं दीडशे ग्रॅम सांगत हुतीस." जशी काय मी दुधात पाणीच घातलं!

वाटी म्हणजे अण्णांची जुनी वैरीण. जन्मभर घरोघर हिंडून त्यांनी विजेच्या मीटरचे आकडे टिपले. त्यामुळं जगात जे म्हणून आहे, त्याला आकडा पाहिजेच. "ह्या घरात वाटी, त्या घरात डबडं! ह्याला माप म्हनायचं?" वाटी आपटली की चमचाभर जास्त मावतो, आजऱ्याचा बारीक घनसाळ आणि लांबडा बासमती एकाच वाटीत सारखे भरत नाहीत, हे मला त्यांनी इतक्यांदा ऐकवलंय की पुरे पुरे झालं. एवढं बोलून मात्र ते मूठभर तांदूळ हातात घेतात. कळंब्याच्या तळ्याकडनं दुपारचं वारं येत असतं, बोटांतनं तांदूळ हळूहळू निसटत असतो, आणि अण्णा बसल्या जागी कुठंतरी निघून जातात. पुढ्यातला चहासुद्धा त्यांना दिसत नाही.

हे खूळ अण्णांची बायको, आमच्या इंदूकाकू, गेल्यापासूनचं. भाकरी-भाजी अण्णा विकत आणतात, पण भात घरचाच हवा आणि तो काकूंसारखाच व्हायला हवा. तो काही जमेना. एक दिवस खिमट, दुसऱ्या दिवशी खडे. काकू पाणी एका ठरलेल्या तांब्यानं घालायच्या, तो घरात आहे. तांदूळ मात्र मुठीनं घ्यायच्या. दोघांना चार मुठी. आता अण्णांची मूठ म्हणजे फावडं! काकूंची मूठ किती ग्रॅमची, हे सांगणार कोण?

यावर अण्णांनी काढलेली युक्ती त्यांनाच सुचावी. काकूंना सव्वादोनाची बांगडी लागायची. म्हणजे सव्वादोनाचा हात शोधायचा! झालं, स्वारी दारोदार विचारत सुटली, "वैनी, बांगडी किती मापाची लागती तुमास्नी?" समोरच्या घरातल्या सुनेनं धाडकन दार लावलं. कोपऱ्यावरच्या मावशींनी लाटणं उगारलं. मी संतापून त्यांना आत ओढलं.

"अण्णा, लाजबिज हाय का न्हाय? आधी मला इचारायचं की! माझी सव्वादोनाचीच हाय."

ते माझ्या हाताकडं बघतच राहिले. मग तांदळाचा डबा पुढं केला. मी मूठ भरली तशी ओरडले, "आवळू नगंस! ती आवळत नव्हती. सैल धर, दोनचार दाणं सांडाय पायजेत." मी पुटपुटत परत भरली. चार मुठी काट्यावर पडल्या.

"काटा काय म्हनतोय?" अण्णांनी डोळेच मिटून घेतले होते.

"एकशे छप्पन्न."

"एकशे छप्पन्न, एकशे छप्पन्न," करत ते घरी गेले. चपला माझ्याच दारात राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी चपला द्यायला गेले. घरभर घनसाळचा वास. ताटात पांढराशुभ्र, मोकळा, मऊ भात वाढलेला, आणि अण्णा नुसतेच बसलेले.

"जमला न्हाय व्हय?"

"जमला की. अगदी तिच्यावानी."

"मग जेवला का न्हाईसा?"

"पयला घास घेतला, आणि आनंदाच्या भरात हाकच मारली बघ. इंदे, ये की, जमला म्हनून."

मी चपला उंबऱ्याशी ठेवल्या. "मग?"

"मग काय. वाट बघत बसलो. भात गार झाला."