चाळीस पावलांचा रस्ता

भय्यासाहेबांनी डब्याची कडी लावली, घड्याळाकडे पाहिलं आणि चपला पायांत सरकवल्या, तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. डबा पोहोचवायचा होता तो रस्त्यापलीकडे, मोजून चाळीस पावलांवर; आणि त्यासाठी सूर्यास्ताच्या पावणेदोन तास आधी घर सोडणं त्यांना भाग होतं.

"पाण्याची बाटली घ्या," त्यांच्या पत्नी विनोदिनीबाई आतून म्हणाल्या. "लांबचा प्रवास आहे."

पलीकडच्या घरात भय्यासाहेबांच्या थोरल्या भगिनी अहल्याताई एकट्या राहत. वय एक्क्याऐंशी. नवऱ्याचं घर सोडायचं नाही, हा त्यांचा हट्ट. हात थरथरत असल्यामुळे स्वयंपाक बंद, हा डॉक्टरांचा हुकूम. आणि चातुर्मासात दिवसातून एकदाच जेवायचं, तेही घरचं, ताजं आणि सूर्य मावळण्यापूर्वी, हे त्यांचं व्रत. सूर्य मावळला, तर पाणी पिऊन निजायचं. सहा वर्षं हा डबा भय्यासाहेबच नेत होते आणि सहा वर्षांत ताई एकदाही उपाशी निजल्या नव्हत्या.

याचं श्रेय खड्ड्यांना होतं. फ्रीगंज पेठेतल्या त्या रस्त्याची अशी दशा होती की, टावर चौकातून गुर्मीत सुटलेलं वाहन त्यांच्या दाराशी येईपर्यंत विनयशील होऊन जाई. म्हातारी माणसं, गाई आणि भय्यासाहेब वाटेल तेव्हा रस्ता ओलांडत. मात्र वैशाखातल्या एका संध्याकाळी त्यांचा पाय खड्ड्यात गेला आणि डब्यातली आमटी पायजम्यावर आली. दुसऱ्या कोणी पायजमा धुतला असता. भय्यासाहेब जिल्हा न्यायालयातले निवृत्त पेशकार; जन्म न्यायाधीशांपुढे कागद ठेवण्यात गेलेला. त्यांनी पायजमा धुतला आणि बांधकाम खात्याकडे तक्रारही केली. खड्ड्याची लांबी, रुंदी आणि, विनोदिनीबाईंचं लाटणं उभं धरून मोजलेली, खोली असं सर्व काही तीत होतं.

"लाटणं नवं आणून द्या मला," एवढंच विनोदिनीबाई म्हणाल्या.

सिंहस्थ तोंडावर आलेला. खात्याला रस्ते हवेच होते. वीस दिवसांत डांबर पडलं, रोलर फिरला, रस्ता आरशासारखा झाला. आणि विनय संपला. जी वाहनं पूर्वी खुरडत येत, ती आता बाणासारखी सुटू लागली. पहिल्या दिवशी भय्यासाहेब डबा घेऊन काठावर पंचवीस मिनिटं उभे राहिले आणि शेवटी डोळे मिटून धावले. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी ते रोज धावू लागले.

त्यांनी त्याच तक्रारीला पुरवणी जोडली : पादचाऱ्यांच्या जीविताची सुरक्षा. आठवड्याभरात दारासमोर पांढरे पट्टे आले. भय्यासाहेब पट्ट्यांवर उभे राहिले आणि कायद्याने दिलेला हात त्यांनी वर केला. एक मोटारसायकलवाला त्यांच्या पोटाला वळसा घालून गेला.

"मरना है क्या, दादाजी?"

"अरे, यह ज़ेब्रा क्रॉसिंग है!"

"तो ज़ेब्रा को पार करने दो ना!"

आणि मग आषाढात, चातुर्मास लागता लागता, मधोमध दुभाजक आला. छातीइतका उंच, वर लोखंडी जाळी. पांढरे पट्टे एका बाजूने येऊन त्या जाळीला भिडत आणि पलीकडून पुन्हा सुरू होत, जणू मधला भाग माणसाने उडून जायचा. दुभाजकातली सर्वांत जवळची फट, म्हणजे लोकांच्या भाषेतला 'कट', थेट नानाखेड्याच्या दिशेला दीड किलोमीटरवर. ई-रिक्षाने जायचं, वळायचं, तेवढंच परत यायचं आणि ताईंच्या घरासमोर उतरायचं. रिक्षा लगेच मिळाली तर पंधरा मिनिटं, नाही तर तास-दीड तास.

भय्यासाहेबांनी खात्याचे उपयंत्री, म्हणजे कनिष्ठ अभियंता, विक्रांत यांना गाठलं. विक्रांत मृदू स्वभावाचे गृहस्थ होते. नकार देतानाही ते चहा मागवीत.

"सर, कट की नई शिकायत कर दीजिए. पर पुरानी बंद होगी, तभी नई चढ़ेगी. आप फोन पर बस 'संतुष्ट' बोल दो."

"लेकिन मैं संतुष्ट नहीं हूँ!"

"संतुष्ट तो कोई नहीं होता, सर. बोलना पड़ता है."

चाळीस वर्षं न्यायालयात काढलेल्या आणि एकाही कागदावर खोटं अक्षर न लिहिलेल्या माणसाला हे पटणं शक्य नव्हतं. तक्रार-कक्षातून रोज फोन येई, रोज भय्यासाहेब 'असंतुष्ट' म्हणत आणि त्याची कारणं क्रमवार सांगत. पलीकडची मुलगी तिसऱ्या कारणाला फोन ठेवी.

श्रावणातल्या सोमवारी महाकाळाची पालखी, इथली 'सवारी', निघाली, शहरभर वाहतूक वळवली गेली आणि ई-रिक्षा देवास गेटच्या बाजूला जाऊन रुतली. भय्यासाहेब ताईंच्या दारात पोहोचले, तेव्हा सात वाजून पाच मिनिटं झाली होती. पंचांगातला सूर्यास्त सहा अठ्ठावन्नचा.

ताईंनी पान मांडून ठेवलं होतं. त्यांनी ते उचललं. "सात मिनिटं," त्या म्हणाल्या. "राहू दे रे. रोज खाऊन तरी कोणतं राज्य जिंकलंय!"

त्या पाणी प्यायल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, तेव्हा भय्यासाहेबांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "संतुष्ट." आयुष्यातलं पहिलं खोटं. मग लगेच कटासाठी नवी तक्रार नोंदवली.

ती चार दिवसांत निकाली निघाली. अमान्य. भय्यासाहेब तो कागद घेऊन विक्रांत यांच्या टेबलाशी जाऊन थडकले. विक्रांत यांनी चहा मागवला.

"नक्शे में कट था, सर. ठीक आपके घर के सामने. एक शिकायत आई, तो बंद कर दिया."

"किसकी शिकायत?"

विक्रांत यांनी फाइल वळवून पुढे केली. थरथरत्या, तरीही वळणदार अक्षरांत लिहिलं होतं : 'माझा धाकटा भाऊ रोज डबा घेऊन वाहनांपुढून डोळे मिटून धावतो. सांगून ऐकत नाही. लहानपणापासून असाच आहे. तरी हा रस्ता ओलांडताच येणार नाही, असं करावं.' खाली सही : अहल्या. शेरा : तक्रारकर्ती संतुष्ट.

"मराठी में थी, सर. पढ़वाने में दो दिन लगे," विक्रांत म्हणाले. "अब रोड पर दो संतुष्ट नागरिक हैं. फाइल नहीं खुलेगी. और देखिए, डिवाइडर के बाद एक भी पैदल वाला नहीं गिरा."

"कोणी चालतच नाही, तर पडणार कोण?" भय्यासाहेब मराठीतच म्हणाले. चहा तसाच राहिला.

त्या वादात दीड तास गेला. घरी येऊन, डबा घेऊन ते रिक्षासाठी उभे राहिले, तेव्हा आभाळ काळंभोर भरून आलं होतं. सूर्य आहे की गेला, काही कळत नव्हतं. घड्याळात सात वाजून दहा मिनिटं. त्यांनी ताईंना फोन लावला.

"ताई, कट तू बंद करवलास?"

"मीच." "खिडकीत बसून रोज तुझं मरण बघायचं का मी? म्हटलं, रस्ता बंद झाला की येणं सोडशील."

"आणि तुझ्या जेवणाचं काय?"

"त्या अर्जात जेवणाचा रकाना नव्हता."

जाळीपलीकडे, चाळीस पावलांवर, ताईंच्या खिडकीत दिवा लागला. मधून एक ट्रक गेला. भय्यासाहेबांचा डबा हातात गरम होता. वळसा घालून तिथे पोहोचेपर्यंत आणखी पंधरा मिनिटं तरी जाणार होती.

"अंधारून आलंय रे," ताई म्हणाल्या. "तुझ्या पंचांगात आज सूर्यास्त कितीला आहे?"

पंचांगात सहा पंचावन्न होतं. भय्यासाहेबांना ते पाठ होतं.

"साडेसातला," ते म्हणाले.

"श्रावणात?"

"सिंहस्थाची कामं चाललीत ना, ताई. यंदा सगळंच उशिरा आहे."

अहल्याताईंनी चाळीस चातुर्मास पाळले होते. मग फोनमधून ताट मांडल्याचा आवाज आला.

"बरं," त्या म्हणाल्या. "सावकाश ये."