बाकड्यावरचं शेवटचं बोट

मेघना परबचं डोकं सकाळपासून आकड्यांच्या एका यादीत अडकलं होतं. पायथन या संगणकाच्या भाषेच्या क्लासचा शेवटचा धडा पाचपर्यंत पाठवायचा होता. यादीतली सगळी शून्यं काढायची, आणि तयार हुकूम एकही वापरायचा नाही. तिने रीत बसवली. शून्य दिसलं की काढायचं, त्याच्यानंतरचे सगळे आकडे एकेक घर अलीकडे सरकवायचे आणि पुढचं घर बघायचं. एकेकटं शून्य मुकाट जाई. दोन शेजारी-शेजारी आली, की दुसरं हमखास टिकून राही. धडा राहिला तर सर्टिफिकेट बुडणार, आणि ऑफिसातली बढती त्या मनू कदमला जाणार!

"खड्ड्यात गेलं ते पायथन!" म्हणत ती तीन वाजता चाळीच्या पूजेच्या पंगतीला उतरली. पहिल्या पंगतीत ती जेवली होती. पण जिलेबी गरम होती, आणि डोकं शिणलं होतं.

लांब बाकड्याच्या टोकाला शेजारचा धोंडू बसला होता. ती त्याच्या पलीकडे टेकली.

"वहिनी, तुम्ही पण दुसऱ्यांदा?"

"गप रे! कोणाला कळतंय?"

"अप्पांना. जेवलेल्यांच्या बोटाला शाई लावलीय ना त्यांनी."

तिने मूठ घट्ट मिटली. अप्पा सकपाळांचा उभा जन्म निवडणुकीच्या ड्युट्या करण्यात गेलेला.

"जेवण थोडं उरलंय. बोटं दाखवा!" गरजत अप्पा पहिल्या माणसापासून निघाले. एकेक बोट बघत ते धोंडूपाशी आले. "शाई! ऊठ, लाज नाही वाटत?"

धोंडू उठला. बाकड्यावरच्या सवयीने मेघना त्याच्या जागी सरकली. जाणाऱ्या धोंडूवर डोळे वटारतच अप्पांनी एक पाऊल पुढे टाकलं, तर तिथे कोणीच नाही.

"झालं! वाढा रे!"

मेघना सुटली. जिलेबी पानात पडली, तिने उचलली, आणि हात तोंडाशीच थांबला. अगं बाई! एक उठला, दुसरी त्याच्या जागी सरकली, आणि बघणारा पुढे गेला!

"अप्पा, चुकलं तुमचं!" ती ओरडली. "शेवटून सुरुवात करा! म्हणजे एकही सुटायचा नाही!"

सगळी पंगत बघत राहिली. अप्पा मात्र खूश झाले. "डोकं आहे हो पोरीला! हा आलो शेवटून."

आणि शेवटी कोण बसलं होतं?

"बोट?" अप्पा म्हणाले.

जिलेबी पानात ठेवून मेघना उठली. जिन्यात धोंडू उभा होता.

"काय हे वहिनी! चांगल्या वाचला होतात ना तुम्ही?"

"आत्ता वाचले रे!" ती म्हणाली, आणि दोन-दोन पायऱ्या चढत लॅपटॉपकडे पळाली.