सेलूला फोटो काढायला

थप् थप्, थप् थप्. जेवणं आटोपून घर कलंडलेलं असताना माजघरातून तेवढा एकच आवाज येत होता. नर्मदाबाई नातवाची टाळू भरत होत्या. वाटीतलं कोमट तेल तळहातावर घ्यायचं आणि मुरेस्तोवर थापटत बसायचं.

त्यांची सून पद्मजा चुलीपाशी बसून तो आवाज ऐकत होती आणि एक वाक्य मनात घोळवत होती. बाळाचं डोकं मोठं होतं. अंगडी लहान व्हायच्या आधीच टोपडी डोक्याला लहान व्हायची. वालूरच्या नर्सबाई गीताबाई यांनी टेप लावून पाहिली होती आणि तिला बाजूला घेऊन हळूच सांगितलं होतं, "गुरुवारी सेलूच्या शिबिराला औरंगाबादच्या डॉक्टरीणबाई यायल्यात. टाळूवर मशीन ठेवलं की आतला मेंदू दिसतो. पाणी साचलेलं असलं तर आत्ताच कळंल. टाळू मिटली की मग त्या मशीनला काही दिसत नाही, ध्यानात ठेवा."

पाणी हा शब्द ऐकल्यापासून तिला घास गिळवत नव्हता. पण भीतीच्या जोडीला लाजही होती, आणि ती जास्त बेजार करत होती. सासूबाई विचारतील, पोटुशी असताना ग्रहण पाळलं होतंस का. नवरा शाळेत मास्तर; बायका म्हणतील, मास्तरांच्या घरातलं डोकं पाहिलं का. कुणी दारात आलं की तिचा हात आपोआप बाळाची कुंची खाली ओढायचा. आणि मागाहून त्या हाताची तिलाच लाज वाटायची.

"आई," ती शेवटी म्हणाली, "गुरुवारी सेलूला जाऊन येते. बाळाचा फोटो काढायचाय. माहेरचे मागायलेत."

थापटणं थांबलं. "एकटी कशाला जातीस? मी येते की. फोटोत आजी नको व्हय?"

तेवढ्यात शेजारची कडूबाई विरजण मागायला आली. कडेवर तिचं तान्हं होतं. "फोटो? मंग आमी बी येतो, काकू. ह्याचा जन्मापासून एक बी फोटो न्हाई."

झालं. एका खोट्यामागं वऱ्हाड लागलं. गुरुवारी नर्मदाबाई ठेवणीतलं नारायणपेठी नेसल्या. बाळाला खणाची नवी कुंची, भुवयांपर्यंत काजळ, गालाला तीट आणि टाळूवर रोजच्या दुप्पट तेल. पद्मजाची थोरली लेक विमल पावडर लावून पांढरीफट्ट. बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, "लग्न कुणाचं?"

"फोटो हाय," कडूबाई म्हणाली.

शिबिर एका शाळेत होतं. भिंतीवरची नामांतराची घोषणा चुन्यानं अर्धवट पुसलेली, आणि तिच्याखाली लेकरं घेऊन बायकांची लांबलचक रांग. पद्मजानं मान खाली घालून सगळ्यांना त्या रांगेत उभं केलं. आता कुणीतरी विचारणार, फोटोच्या दुकानाची पाटी कुठाय.

"लय गर्दी हाय ह्या इष्टुडिओला," कडूबाई गंभीरपणे म्हणाली.

"सणासुदीचे दिवस," नर्मदाबाई म्हणाल्या.

कुठला सण, हे कुणीच विचारलं नाही.

आतल्या वर्गात खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केलेला. नर्मदाबाईंनी पदर सारखा केला, नातवाला मांडीवर घेतलं आणि मशीनकडं तोंड करून ताठ बसल्या.

"आजी, इकडं नका बघू. बाळाची टाळू माझ्याकडं करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी कुंची काढली, बोट फिरवलं, तर बोट घसरून थेट कानाशी गेलं. "किती तेल आहे हे?"

"टाळू भरलीय. पुसू नका, सर्दी होईल."

कापसाचे बोळे काळे होऊन टोपलीत पडत गेले. मग बाईंनी टाळूवर गारेगार, पांढरट चिकट काहीतरी लावलं.

"आमचं पुसलं अन् तुमचं लावलं," नर्मदाबाई पुटपुटल्या.

"डोकं कधीपासून मोठं वाटतंय?" बाईंनी मोठ्यानं विचारलं.

दार उघडं होतं. बाहेरच्या रांगेतल्या माना आत वळल्या. पद्मजाला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं.

"जन्मल्यापासून," नर्मदाबाई शांतपणे म्हणाल्या.

पद्मजा त्यांच्याकडं पाहातच राहिली. मशीनच्या पडद्यावर करडे ढग हलत होते. डॉक्टरीणबाई टाळूवर मशीन इकडून तिकडं फिरवत राहिल्या. पद्मजानं विमलचा हात इतका घट्ट धरला की पोर कळवळली.

"पाणी नाही," बाई अखेर म्हणाल्या. "आत सगळं जागच्या जागी आहे. बाळाच्या वडलांचं डोकं कसं आहे?"

"माझ्या लेकाला अजून टोपी मिळत नाही," नर्मदाबाई म्हणाल्या. "लग्नात बाशिंगाला सुतळी जोडावी लागली होती. विचारा हिला."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. "मग घराण्याचंच आहे हे. तरी दर महिन्याला नर्सबाईंकडून टेप लावून घ्या."

मागून कडूबाई पुढं सरकली. "बाई, माझं बी बघा. हे जन्मताना लौकर रडलंच न्हाई. गीताबाईनं धाडलंय."

तिचंही पाहून झालं. काळजीचं काही दिसलं नाही. मग तिघी लिंबाखाली दशम्या सोडून बसल्या. पद्मजानं विचारलं, "आई, तुम्हाला माहीत होतं?"

"गीताबाई आधी माझ्याकडंच आली होती. सासूला कळलं म्हणून तुझ्या जिवाला आणखी घोर लागला तर दूध आटंल, म्हणून मीच म्हणलं, मला माहिताय हे सुनेला सांगू नको. तू फोटो म्हणलीस. मी म्हणलं बरं झालं, कडूबाईसमोर हेच शोभून दिसंल."

"बाळाचं डोकं मला बी दिसत व्हतं, पर माझ्या लेकराचं कसं सांगू? मी म्हनलं, तुमच्यासमोर फोटोच बरा," कडूबाई म्हणाली. दोघी पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

पद्मजाला हसू येईना. बाळ तिच्या मांडीवर उघड्या डोक्यानं पडलं होतं, पानांतून येणाऱ्या उन्हाकडं मुठी उगारत. बाजूनं बायका जात होत्या. एखादी बघायची, कौतुकानं हसायची आणि पुढं जायची. पद्मजाचा हात सवयीनं कुंचीकडं गेला आणि अर्ध्यातच थांबला.

विमल दशमी चावत ते बघत होती.

"आई," ती म्हणाली, "आजीला माहीत होतं, कडूमावशीला माहीत होतं. मग आपण बाळाचं डोकं कुणापासून झाकायलो होतो?"