पायलीभर धानाचं तिकीट

माझ्या लग्नाच्या पंगतीत दामाजीभाऊंनी माझ्या सख्ख्या मामाला बाद केलं होतं. वाढणं पुरं व्हायच्या आत मामांनी बुंदीला हात घातला आणि कर्रकन शिट्टी वाजली. "पाव्हणे, फाऊल! उठा!" मामा उठले बिचारे.

सावली गावात आमच्या शेजारी राहणारे दामाजीभाऊ धानाच्या गिरणीत हमाल होते आणि उरलेला सगळा वेळ कबड्डीचे पंच. एसटीच्या दारात घुसाघुशी करणारा बाद. विहिरीवर बायका भांडल्या, तर हे मधे रेघ ओढून मोकळे. लग्नाचं विचारलं की म्हणायचे, "टीमच जमली नाई."

गावात टीव्ही एकच होता, तेव्हाची गोष्ट. मेश्रामांची ललिता शाळेच्या कबड्डी संघाची कप्तान. चढाईला निघाली की समोरच्या पोरी आपसूक मागं सरकायच्या. तिचा गुडघा सुजला. नागपूरच्या डॉक्टरांनी हाडाचा कॅन्सर सांगितला. पाय कापायचा, मग कितीक महिने औषधं. मजुरी करणारा बाप काय करणार? पोरीला घेऊन तो परत आला. गावात कुजबुज सुरू झाली, हा रोग लागतो म्हणे. तिच्या घरचं पाणी कोणी पिईना.

दामाजीभाऊंनी ललितासाठी सामने पुकारले. तिकीट माणशी पायलीभर धान. कुरखेड्याचा संघ आला. मुलचेऱ्याच्या निर्वासित वस्तीतली बंगाली पोरं धानाची पोती घेऊन आली. आमचे सरपंच तेवढे रिकाम्या हातानं आले. "सरपंचसाहेब, बाद!" सरपंच घरी गेले आणि स्वतःच्या डोक्यावर पोतं घेऊन परतले. मैदान हसून लोळलं.

ललिता मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसली होती. तिच्या आसपास मात्र कोणी फिरकेना. दामाजीभाऊंनी खेळ थांबवला, तिच्याजवळ गेले, तिचा उष्टा गडवा उचलून घटाघटा पाणी प्याले.

"हा रोग लागत नाई," ते ओरडले. "आन् लागलाच तं मले लागू द्या. माह्या मागं रडाले कोन बसलं हाय?"

मग कुरखेड्याचा कप्तान पुढं आला आणि त्यानं ललिताकडं पाणी मागितलं.

धान विकलं गेलं, ललिता नागपूरला गेली. पाय गेला, पण पोरगी वाचली. कुबड्या घेऊन ती परत आली, त्या दिवशी सगळं गाव एसटी स्टँडवर जमलं. नव्हते फक्त दामाजीभाऊ. मी त्यांना शोधत निघालो.

ते मेश्रामांच्या अंगणात सापडले. ओट्याच्या पायऱ्यांवर माती टाकून त्यांनी लांबलचक उतार केला होता आणि चिखलात गुडघे टेकून तो हातानं चोपत होते.

"भाऊ, पोरगी आली. तुम्ही काऊन नाई आले?"

"आली?" ते घाईनं उठले. "ओटा उंच हाय ना तिचा. चढन कशी?"

गल्लीत माणसांचा आवाज ऐकू आला, तसं त्यांनी फावडं उचललं आणि मागच्या कुंपणातून निघून गेले.