घरून कोण येऊन राहिलं?

मंगेश वानखेडेने दिलेल्या अक्षता एका अमेरिकन मुलाने माझ्यादेखत खाल्ल्या. लायब्ररीच्या पायऱ्यांवर, भर दुपारी. मंगेशने त्याच्या तळहातावर कुंकू लावलेले तांदूळ ठेवले आणि विचारलं, "यू आर कमिंग ना? पक्का?" पोरगा बिचारा सभ्य. हातावर ठेवलंय म्हणजे खायचंच असणार, असं समजून त्याने ते तोंडात टाकलं, कडाकडा चावलं आणि म्हणाला, "इंटरेस्टिंग." मी शेजारच्या झाडामागे गेलो. हे झाड माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. मंगेशबरोबर कॅम्पसवर हिंडायचं म्हणजे सारखं कशाच्या तरी मागे जावं लागतं.

मंगेश माझा रूममेट. नागपूरचा. पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या या गावात आम्ही दोघं एका अपार्टमेंटमध्ये राहतो आणि पीएचडी करतो. म्हणजे तो करतो, माझी होत नाही. त्याला ऑनर सोसायटीच्या ऑफिसात असिस्टंटशिप आहे. ऑनर सोसायटी म्हणजे उत्तम मार्क पाडणाऱ्या विद्यार्थ्यांची मंडळी. माझी आई अजूनही फोनवर विचारते, "अरे, त्या ओनर सोसायटीचा मेंटेनन्स किती येतो?"

दर सेमिस्टरला निवडलेल्या मुलांना ईमेल जातो, मुलं तो कुणीतरी टोपी घालतंय असं समजून डिलीट करतात आणि स्वागत समारंभाला निम्मा हॉल रिकामा. मंगेशचं काम एवढंच, की ईमेल पाठवायचा. पण रुजू झाल्या झाल्याच तो भडकला. "ईमेलने काय बोलावून राहिले बे? लाइटचं बिल आहे का ते? माणसाले जाऊन बोलवा लागते!"

आता आम्ही पडलो पुण्याचे. आमच्याकडे आमंत्रण एकदाच देतात, आणि माणूस खरंच आला तर दचकतात. हा मात्र अक्षतांची वाटी घेऊन लॅबमध्ये जातो, कॅन्टीनमध्ये जातो, बसमध्ये गाठतो. एक मुलगा फुटबॉलचा गोलकीपर होता. सामना चालू असताना मंगेश गोलच्या जाळीमागे उभा राहून त्याला समारंभाची तारीख सांगत होता. गोल झाला. सगळी टीम आमच्याकडे बघायला लागली, आणि तिथे मेलं एक झाड नव्हतं.

बरं, बोलावून हा थांबेल तर ना! पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "हू इज कमिंग फ्रॉम होम?" घरून कोण येऊन राहिलं? समारंभात नाव पुकारलं की नवा मेंबर स्टेजवर जाऊन मेणबत्ती लावतो. तेव्हा खुर्च्यांमधून त्याच्या घरचं कुणीतरी उभं राहिलंच पाहिजे, हा मंगेशचा नियम. सोसायटीच्या प्रमुख लिंडाबाई आधी "हे काय नवीन" म्हणाल्या, मग त्यांनाच ते आवडलं. आता त्या स्वतः स्टेजवरून विचारतात.

ज्यांचं घर लांब, त्यांना मंगेश घरचं माणूस पुरवतो. म्हणजे मला. मी एका व्हिएतनामी मुलीचा मामा झालो आहे. ओहायोच्या एका मुलाचा घरचा म्हणून गेलो, तर त्याचा खरा बाप ऐनवेळी हजर. नाव पुकारल्यावर आम्ही दोघंही एकदमच उभे राहिलो. त्या बापाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती आठवली की अजून माझे कान गरम होतात.

या स्प्रिंगला माझा संयम सुटला. समारंभाच्या आदल्या दिवशी मंगेश किचनमध्ये पाहुण्यांसाठी तर्री-पोह्यांची, म्हणजे झणझणीत रस्सा घातलेल्या नागपुरी पोह्यांची तयारी करत होता. मान खाली घालून म्हणाला, "पुणेकर, उद्या जरा..."

"नाही! बास झालं यार! मी कुणाचाही मामा-बिमा होणार नाही. लाज वाटते मला तुझ्याबरोबर हिंडायची. आणि ते 'येऊन राहिले, करून राहिले' आधी बंद कर. राहिले म्हणजे कुठे राहिले? कोणाकडे?"

तो कांदा चिरायचा थांबला. "हाव," म्हणत त्याने मान डोलावली. मग पुन्हा सुरी उचलत म्हणाला, "पोहे तेवढे गाडीतून सोडशील ना?"

सोडले. मागच्या दाराने पातेलं हॉलमध्ये आणून टेबलावर ठेवलं आणि सवयीने एका खांबामागे उभा राहिलो. हॉल भरलेला होता. एकेक नाव पुकारलं जात होतं, कुणाची आजी उठत होती, कुणाचा भाऊ शिट्टी मारत होता. सगळ्यात शेवटी लिंडाबाई म्हणाल्या, "मंगेश वानखेडे."

मला वाटलं, आभार मानताहेत. पण बाई सांगत होत्या, की आपल्या सगळ्यांना बोलावणारा हा मुलगा स्वतः आजवर मेंबर नव्हता. पहिल्या वर्षीचे मार्क आड येत होते. यंदा भरून काढले.

पहिल्या सेमिस्टरला त्याचे वडील गेले होते, आणि त्याला जाता आलं नव्हतं. हे मला माहीत होतं. गेल्या महिन्यात आईला व्हिसा नाकारला, तेही त्याने सांगितलं होतं. आई कशासाठी येणार होती, हे मी विचारलं नव्हतं.

"मंगेश," लिंडाबाईंनी त्याचाच नियम पाळला, "हू इज हिअर फ्रॉम होम?"

मंगेशने मेणबत्ती हातात धरून सगळ्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. मग हसल्यासारखं केलं आणि म्हणाला, "कमिंग, मॅडम. दे आर कमिंग."

येऊन राहिले. एवढंच म्हणत होता तो. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. आजवर त्याच्यामुळे जी वाटत होती, ती काहीच नव्हती. माझे डोळे भरून आले. पातेल्याचं झाकण हातात तसंच होतं, ते घेऊन मी खांबामागून बाहेर आलो आणि ओरडलो, "येऊन राहिलो ना बे!"

अख्खा हॉल मागे वळला. मी टाळ्या वाजवायला गेलो, तर झाकण दणकन खाली पडलं.

मंगेशने बाहीने डोळे पुसले. मग माईकवरून, सगळ्यांसमोर, चक्क मराठीत मला विचारलं, "राहिलो म्हणजे कुठे राहिला बे, पुणेकर? कोणाकडे?"

"तुझ्याकडे," मी म्हणालो.