चौगुले सरांचं खोकं

गेल्या रविवारी सकाळी साडेनऊला पंखा पुसताना मी स्टुलावरून पडलो. स्टुलाची उंची दोन फूट. डोकं फरशीवर आपटलं. हजर: माझी पत्नी मंगल आणि शेजारचे चौगुले सर. नुकसान: चष्म्याची एक काडी. पुढे तीन हजार दोनशेचा खर्च निघाला, तो केवळ चौगुले सरांमुळे.

मंगल पाणी घेऊन यायच्या आत सर घरी जाऊन खोकं घेऊन आले.

खोकं बुटांचं. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या या माणसानं त्यात ब्लेडच्या दोन पात्यांची फट, सीडीचा तुकडा आणि जुना मोबाइल बसवलाय. चार वर्षांपूर्वी ते एकटेच आमच्या कॉलनीत राहायला आले. तेव्हापासून इथे कुणाला सुखानं पडता आलेलं नाही. पोर सायकलवरून पडो, नाहीतर पैलवान तालमीत आपटो, सर हजर. कोल्हापुरात पडलेल्या माणसानं उठायचं, धूळ झटकायची आणि म्हणायचं, "काय झालं न्हाय!" सरांना नेमकं हेच वाक्य खपत नाही.

"काय झालं न्हाय, हे तुम्ही कोण सांगणार? उजेडाला इचारू की!"

मग व्याख्यान. डोक्याला मार बसला की मेंदूतली काही द्रव्यं कमी-जास्त होतात, काही रक्तात उतरतात. त्यांच्यावर विशिष्ट उजेड टाकला की परत येणाऱ्या उजेडाचा रंग किंचित बदलतो. प्रत्येक द्रव्याची खूण वेगळी. डोळ्याच्या आतला पडदा मेंदूचाच भाग, म्हणून डोळ्यात उजेड टाकून इजा ओळखणारी यंत्रं शास्त्रज्ञ तयार करतायत. असेल. पण त्या यंत्रात आणि बुटांच्या खोक्यात काही फरक असावा की नाही? माझ्या माहितीत या खोक्यानं आजवर एकच अचूक निदान केलंय: खोलीत ट्यूबलाइट चालू आहे.

तालमीतल्या वस्तादांनी एकदा तोंडावर विचारलं, "सर, ह्यात पायताण कवा ठेवता?" सर हसले नाहीत. पडलेल्या पैलवानाला भिंतीशी टेकवून विचारत राहिले, "वार कुठला आज? उलटी झाली का? कुस्ती कुणाबरं हुती?"

माझीही तीच उलटतपासणी.

"वार कुठला?"

"रविवार. सर, मला काही झालेलं नाही."

"सकाळी खाल्लं काय?"

"उपीट."

"अहो, पोहे केलते की!" मंगल म्हणाली.

"वहिनी, चपला घाला. मी रिक्षा आणतो."

"एका उपिटापायी स्कॅनला तीन हजार घालवायचे?" मी ओरडलो. कुणी ऐकलं नाही.

दवाखान्यात डोक्याचा स्कॅन झाला. स्वच्छ. मी बाकावर सरांना गाठलं. "झालं समाधान? काय दिसलं होतं तुमच्या खोक्यात?"

"खोक्यात कप्पाळ दिसतंय! मला ठावं न्हाय व्हय? पण यंत्र म्हटलं की माणूस पाच मिनिटं गप बसतंय. तेवढ्यात त्येचं बोलणं ऐकाय मिळतंय."

मग खोकं मांडीवर घेऊन ते समोरच्या भिंतीकडे बघत बोलले. "आमची ही मोपेडवरनं पडलीती. उठली, पदर झटकला, म्हणाली काय झालं न्हाय. डॉक्टर म्हणालं स्कॅन करून घ्या. मी म्हटलं, चांगली बोलतीया की, कशाला उगंच खर्च? दुपारी भाकरी थापल्या तिनं. चहाच्या टायमाला हाक मारली, तर उठली न्हाय."

मी उठलो. पैसे भरायच्या खिडकीशी गेलो, तर बिल भरलेलं होतं. घरी आल्यावर तीन हजार दोनशे मोजून सरांपुढे ठेवले. त्यांनी ते मंगलकडे सरकवले.

"ऱ्हाऊ द्या. त्या टायमाला हेच पैसं वाचवलं हुतं."

दवाखान्याचे पैसे चौगुले सरांनीच दिले. माझ्याकडून घेतलं ते रिक्षाचं भाडं, तेही फक्त येतानाचं.